ऑटोकॅडचे ब्लॉक ऑफिसात एकसारखे कसे ठेवायचे?

प्रश्न: जळगावला आमच्या ऑफिसात तिघे जण ऑटोकॅड या संगणकावरच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग करतो. दारं-खिडक्यांचे ब्लॉक (एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरायची तयार चित्रं) जुन्या फायलींतून कॉपी करतो, पण साइज आणि लेयरचा (ड्रॉइंगच्या थरांचा) गोंधळ होतो. काय करावं?

उत्तर: जुन्या फायलीतून कॉपी करणं आधी थांबवा, मूळ दुखणं तेच आहे. ड्रॉइंगमध्ये त्या नावाचा ब्लॉक आधीच असेल, तर पेस्ट केल्यावर जुनीच व्याख्या, म्हणजे जुनंच चित्र, राहते आणि तुमची दुरुस्ती दिसतच नाही.

सर्व्हरवर एकच फोल्डर करा आणि प्रत्येक ब्लॉक डब्ल्यूब्लॉक (WBLOCK) कमांडने वेगळ्या फायलीत ठेवा. ब्लॉक लेयर ० वर काढा, म्हणजे ज्या लेयरवर टाकाल त्याचा रंग तो घेतो. दाराचा बेस पॉइंट (ब्लॉक टाकताना ज्या बिंदूने तो बसतो तो) चौकटीच्या कोपऱ्यावर हवा. साइजचा घोळ बहुतेक वेळा युनिटमुळे होतो: एकाची फाइल मिलिमीटरची, दुसऱ्याची इंचाची. इन्सयुनिट्स (INSUNITS, म्हणजे फायलीचं एकक ठरवणारी सेटिंग) सगळीकडे जुळवून घ्या.

नावं मराठी-इंग्रजी सरमिसळ नकोत. ‘दार१’, ‘नवीन दार’, ‘दार फायनल’ अशा नावांनीच आम्ही धुळ्याच्या एका कामात दोन दिवस घालवले. प्रकार आणि माप नावातच असू द्या.

रावेर-सावद्याकडची केळी पिकवण्याच्या चेंबरची कामं घेत असाल, तर क्रेटची थप्पी, कूलिंग युनिट, सरकतं दार यांचे ब्लॉक आधी करा. तेच पुन्हा पुन्हा लागतात. रोजचे ब्लॉक टूल पॅलेटवर (स्क्रीनवर हाताशी राहणाऱ्या पट्टीवर) ठेवा, ते कंट्रोल+३ ने उघडतं. ड्रॉइंगमध्ये न वापरलेले ब्लॉक पर्ज (PURGE) कमांडने काढा.

फोल्डरमध्ये बदल करायचा हक्क मात्र एकाकडेच ठेवा.