तिकिटावरचे सहा तास खरे नव्हेत

वहिनी, मुलाकडे न्यूयॉर्कला पहिल्यांदाच निघालात, म्हणून आधी तिकीट नीट वाचायला शिका. मुंबईहून रात्री २ ला निघून सकाळी ८ ला पोहोचणार असं दिसलं, तर प्रवास सहा तासांचा समजू नका. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. ते मिळवा, म्हणजे साडेपंधरा तास झाले. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात, मग फरक साडेदहा तासांचा होतो.

सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. पण भिंतीवरच्या नकाशात ते मोजू नका. नातवंडांचा पृथ्वीगोल घ्या आणि दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो रशिया, स्कँडिनेव्हिया करत आइसलँडजवळून जातो! विमान मात्र दर वेळी त्याच दोऱ्यावरून जात नाही. वारा, बंद असलेली हवाई हद्द यांप्रमाणे मार्ग बदलतो आणि वेळही. म्हणून किलोमीटरला वेगाने भागून वेळ काढण्यात अर्थ नाही.

येताना बहुधा तासभर तरी कमी लागतो, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात.

थांब्याचं विमान असेल तर मधल्या विमानतळावरचा वेळ वेगळा मोजा. तिथे दोन तासांपेक्षा कमी असतील तर ते तिकीट घेऊच नका. पहिल्याच प्रवासात, गुडघे दुखत असताना, एवढी धावपळ मला तुमच्यासाठी नको वाटते. व्हीलचेअर मात्र आत्ताच सांगून ठेवा.