मळ्यात सोडू का? : वाचकांचे कुत्र्यांविषयीचे प्रश्न

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागमध्ये शंभर फुटी रोडच्या आतल्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी बँकेत, हे कुपवाड एमआयडीसीत. पार्किंगमध्ये भिजत बसलेलं एक गावठी पिल्लू आम्ही वर आणलं, तीच आमची चिंगी. आता ती दोन वर्षांची आहे. आम्ही कामावर गेलो की दुपारभर भुंकते, मधेच रडते. शेजारच्या आजी आजारी असतात, त्यांना झोप मिळत नाही. सोसायटीने नोटीस दिली आहे की महिन्याभरात कुत्री हलवा. सासूबाई म्हणतात, तासगावकडे आपला मळा आहे, तिथं सोडा, मोकळी राहील. सोसायटी असं सांगू शकते का? आणि मळ्यात सोडणं तिच्या भल्याचं आहे का?

उत्तर : ताई, मळ्याचं आधी बोलते, कारण हा सल्ला आपल्या भागात फार सहज दिला जातो आणि तो ऐकला की माझा जीव खालीवर होतो. पशुसंवर्धन खात्यात माझी बरीचशी नोकरी जत आणि शिराळा या तालुक्यांत झाली. रानातली कुत्री मी जवळून पाहिली आहेत. जतकडे मेंढरांबरोबर फिरणारं कुत्रं त्या कळपातच जन्मतं. कुठं जायचं, कुणापासून लांब राहायचं, हे ते आईच्या मागे फिरत शिकतं. चिंगीला यातलं काय ठाऊक? रानडुकरांसाठी लावलेला फास तिने पाहिलेला नाही. फवारणीनंतर बांधावर पडलेला डबा हुंगू नये, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. शिराळा-वाळव्याकडच्या उसात तर बिबट्या आता नवा राहिलेला नाही, आणि रात्री वस्तीवर बांधलेलं कुत्रं त्याला सगळ्यात सोपं सापडतं. मळ्यावरची माणसं वाईट असतात असं नाही. ती वेळेला भाकरी टाकतील. पण चिंगी तुमच्या दोघांची वाट बघत राहील आणि एक दिवस वाट शोधायला निघेल. अशी रस्त्यावर गाडीखाली आलेली पाळीव कुत्री माझ्या टेबलावर आलेली आहेत. तेव्हा मळा नको.

आता नोटीस. भारतीय पशुकल्याण मंडळाने 2015 साली गृहनिर्माण संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. बहुमताने ठराव करूनसुद्धा संस्थेला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही, कुत्रा सोडून द्या असा दबावही आणता येत नाही. त्या सूचना छापून घ्या, सोबत चिंगीच्या लसींचं कार्ड जोडा आणि सेक्रेटरींना लेखी उत्तर द्या. उत्तराची पोच घ्यायला विसरू नका. महापालिकेत चौकशी करून तिची नोंदणीही करून घ्या. त्याच सूचनांमध्ये आपल्याही जबाबदाऱ्या आहेत : जिन्यात, पार्किंगमध्ये पट्टा लावूनच न्यायचं, तिने केलेली शी आपण उचलायची, लसी वेळेवर द्यायच्या. एवढं तुमच्याकडून चोख असेल तर बोलायला तोंड राहतं.

पण कायदा तुमच्या बाजूने आहे म्हणून आजींना झोप लागणार नाही, आणि चिंगीचं रडणंही थांबणार नाही. खरं काम इथून पुढे आहे.

आधी ती का भुंकते ते बघा. घरातला जुना मोबाईल कपाटावर उभा करून रेकॉर्डिंग लावा आणि नेहमीसारख्या कामाला जा. पहिल्या अर्ध्या तासातच बहुतेक उत्तर मिळतं. दार लावल्यावर लगेच ती येरझाऱ्या घालते, दार खरवडते, लाळ गाळते, विव्हळते, असं दिसलं तर ती एकटेपणाला घाबरते आहे. तासभर निवांत झोपते आणि लिफ्ट वाजली, कुरिअरवाला आला, खाली भंगारवाल्याची हाक आली की तेवढ्यापुरती भुंकते, असं असेल तर ती राखण करते आहे. दोन्हींवर इलाज वेगळे आहेत, म्हणून अंदाजाने काही करू नका.

राखण करणाऱ्या कुत्रीला बाल्कनीत ठेवून जाऊ नका. बाल्कनी म्हणजे तिच्या दृष्टीने गल्लीचा पहारा. आतली खोली द्या, पडदे ओढा, पंखा आणि रेडिओ चालू ठेवा, म्हणजे जिन्यातले आवाज बुजतात. सकाळचं फिरणं मात्र वाढवा, आणि फिरणं म्हणजे नुसतं ओढत एक चक्कर नव्हे. तिला प्रत्येक खांब, प्रत्येक कठडा हुंगू द्या. नाकाला काम मिळालं की कुत्रं मनाने दमतं, ते नुसतं पळवून होत नाही. उन्हाळ्यात सातच्या आत घरी या. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. डांबरावर आपला तळहात पाच सेकंद टेकवता येत नसेल तर तिचे पायही तिथं टेकवू नका.

एकटेपणाला घाबरणाऱ्या कुत्रीचं काम सावकाशीचं आहे. किल्ल्या उचला आणि बाहेर न जाता सोफ्यावर बसा. पर्स खांद्याला लावा आणि भाजी निवडा. किल्ली वाजली म्हणजे माणसं गेली, ही तिच्या डोक्यातली गाठ आधी सुटली पाहिजे. मग दार ओढून अर्धा मिनिट बाहेर थांबा आणि ती रडायच्या आत परत या. मग एक मिनिट, मग तीन. परत आल्यावर लाडाचा गोंधळ नको, शांतपणे पाणी द्या. जाताना ज्वारीची भाकरी दह्यात कुस्करून पोकळ रबरी खेळण्यात भरा आणि फ्रीझरमध्ये घट्ट करून तिला द्या. ते चाटण्यात पहिली अवघड वेळ निघून जाते. हे सगळं चालू असताना तिला पूर्ण दिवस एकटी ठेवलीत तर शिकवलेलं वाया जातं. म्हणून काही आठवडे दोघांच्या रजा वाटून घ्या, सासूबाईंना दुपारपुरतं बोलवा, किंवा ओळखीतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलीला रोज दुपारी येऊन बसायला सांगा आणि तिला त्याचे पैसे द्या. तरीही थरथर, लाळ कमी होत नसेल तर औषधं आहेत. ती पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यायची, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कान दुखतो का, सांधा दुखतो का, हेही तपासून घ्या.

तोंडाला दिवसभर जाळी बांधू नका. धापा टाकता आल्या नाहीत तर उन्हाळ्यात कुत्रं जिवाला मुकतं. शॉक देणारे पट्टे ऑनलाइन मिळतात, तेही नकोत. भीतीने रडणाऱ्याला वेदना दिली तर भीतीच वाढते.

आणि आजींकडे जा. चिंगीला न घेता जा. दुपारी त्या कधी झोपतात ते विचारा, काय करताय ते सांगा, तुमचा फोन नंबर द्या आणि म्हणा, भुंकली की लगेच मला कळवा. तक्रार सेक्रेटरीकडे जाण्याऐवजी तुमच्याकडे आली म्हणजे निम्मं काम झालं.

प्रश्न : पाहुण्यांची द्राक्षबाग आहे, त्यामुळे घरात बेदाणा कायम असतो. मुलं कुत्र्याला दोन-चार बेदाणे देतात, तोही आवडीने खातो. आजवर काही झालेलं नाही. कुणीतरी म्हणालं की विषारी असतो. खरं का?

उत्तर : खरं आहे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे आणि आपल्या घराघरांत त्याची बरणी असते, म्हणून हे आपल्या जिल्ह्यात तरी प्रत्येक कुत्रेवाल्याला ठाऊक हवं. द्राक्ष आणि बेदाणा दोन्हींनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल हे त्याचं कारण असल्याचं अलीकडे पुढे आलं आहे. बेदाणा वाळलेला, म्हणून वजनाच्या मानाने जास्त घातक. एक कुत्रं मूठभर खाऊन खेळत राहतं, दुसरं थोडक्यात आजारी पडतं, आणि आपलं कुत्रं कुठल्या प्रकारातलं ते आधी ओळखता येत नाही. त्यामुळे एवढे चालतात असा आकडा मी देणार नाही. मुलांना आजच सांगा.

खाल्लेलं कळलं तर उलटीची वाट बघू नका. पहिल्या दोन तासांत दवाखान्यात आणलंत तर उलटी करवून बरंचसं बाहेर काढता येतं. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्याने वेगळाच धोका होतो. सुरुवातीला उलट्या होतात, कुत्रं मलूल पडतं, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होऊ लागते. तोपर्यंत थांबलात तर आमच्या हातात फार थोडं उरतं.

टार्टारिक आम्ल चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा चिंचही नको. भडंगही देऊ नका. त्यातला लसूण आणि वरून घातलेला कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो.

प्रश्न : मी नववीत आहे. खणभागात राहतो. आमच्या रॉकीला फिरवायला नेलं की गल्लीतली चार कुत्री अंगावर येतात. बाबा म्हणतात काठी घेऊन जा. त्यातल्या एकाचा कान कापलेला आहे. असं कोण करतं?

उत्तर : बाळा, कान पाहिलास हे फार चांगलं केलंस. तो कुणी दुष्टपणाने कापलेला नसतो. नसबंदी आणि पिसाळण्याविरुद्धची लस झाली की, कुत्रं भुलीखाली असतानाच, कानाचं टोक कापून खूण करतात, म्हणजे तेच कुत्रं पुन्हा पकडलं जात नाही. 2023 च्या नियमांप्रमाणे नसबंदी झालेलं गल्लीतलं कुत्रं पुन्हा त्याच गल्लीत आणून सोडायचं असतं. ते उचलून लांब टाकलं तर जागा मोकळी होते आणि नसबंदी न झालेली नवी कुत्री तिथं येतात. बाकीच्या तिघांचे कान अखंड असतील तर बाबांना घेऊन महापालिकेत अर्ज द्या.

काठी मात्र नको. काठी उगारली की त्यांची खात्री पटते की तू भांडायलाच आलास. ती चौघं आपली हद्द राखत आहेत. रोज एकाच वेळेला जा, रस्त्याच्या पलीकडून जा, रॉकीचा पट्टा आखूड धर पण ताणू नकोस. पळू नकोस. अंगावर आली तर थांब, त्यांच्या डोळ्यांत बघू नकोस आणि अंग तिरकं ठेवून हळूहळू निघ. आधी काही दिवस रॉकीला न घेता बाबांबरोबर त्या गल्लीतून फिर, म्हणजे तुझा वास त्यांच्या ओळखीचा होईल.

तरी कधी दात लागला, नुसता ओरखडा उठला, तरी घरी लपवायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं, लस तिथं मोफत मिळते, आणि ठरलेल्या तारखांचे सगळे डोस पुरे करायचे. पिसाळण्याची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, म्हणून यात मी कुणालाच सूट देत नाही. रॉकीची लस दरवर्षी होते ना, तेही बघ.

प्रश्न : 2019 ला आमच्या घरात पाणी आलं होतं. आता दहा वर्षांचा कुत्रा सोबत आहे. पुन्हा वेळ आली तर त्याचं काय करायचं?

उत्तर : काका, पावसाळ्याआधीच ठरवून ठेवा. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं आणि माणसांनाच बाहेर पडायला वेळ मिळाला नव्हता. 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. तुम्ही 40 ला कुत्रा हलवा, 45 ची वाट बघू नका. म्हातारं कुत्रं बोटीत चढवणं अवघड असतं, आणि निवारा केंद्रात त्याला जागा मिळेलच असं नाही. उंचावरच्या भागातल्या एका नातेवाइकाशी आत्ताच स्पष्ट बोलून ठेवा.

काही झालं तरी त्याला बांधून ठेवून घर सोडू नका. साखळीला बांधलेलं जनावर पोहूसुद्धा शकत नाही. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर न पुसणाऱ्या शाईने लिहा. लसींचं कार्ड, त्याचा तुमच्यासोबतचा एक फोटो, चालू गोळ्या आणि आठवड्याचं खाणं एका प्लास्टिकच्या डब्यात भरून दाराजवळ ठेवा. पूर ओसरल्यावर साचलेलं पाणी त्याला पिऊ देऊ नका. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार तेव्हा कुत्र्यांनाही होतो आणि त्यांच्यापासून आपल्यालाही होऊ शकतो. कुत्र्याला लेप्टोची लस दरवर्षी द्यावी लागते. आधी कधी दिली नसेल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून पहिला डोस एप्रिलमध्येच घ्या.