इंजेक्शन झालंय तरी पोलिओचे थेंब कशाला? आतड्याच्या मेमरीबद्दल थोडं सविस्तर

तुम्ही विचारलंय की बाळाला पोलिओचं इंजेक्शन मिळालं, रक्तात अँटिबॉडी आल्या, मग वर थेंब कशाला, आणि आतड्याला वेगळी मेमरी (म्हणजे व्हायरस लक्षात ठेवणाऱ्या पेशी) असते का. असते, आणि बरीच वेगळी असते.

मुख्य मुद्दा हा की बी सेलची (अँटिबॉडी बनवणारी पांढरी पेशी) आणि व्हायरसची पहिली गाठ कुठे पडते आणि तेव्हा तिच्या आजूबाजूला कुठले सायटोकाइन (पेशींनी एकमेकींना निरोप द्यायला सोडलेली प्रोटीन) असतात. लहान आतड्याच्या भिंतीत पायर्स पॅच (रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके) असतात, तोंडातून आलेला व्हायरस तिथे बी सेलला दाखवला जातो. शेजारची टी सेल (दुसरी रोगप्रतिकारक पेशी) आयएल-21 हा सायटोकाइन सोडते, तिथे टीजीएफ-बीटा हा दुसरा सायटोकाइन पण भरपूर असतो, आणि या सिग्नलमुळे बी सेल आयजीएम या प्रकारची अँटिबॉडी बनवणं थांबवून आयजीए, म्हणजे आतड्यात उतरणारी अँटिबॉडी, बनवायला लागते. टीजीएफ-बीटाशिवाय हे किती अडतं बघा, ज्या उंदरांच्या बी सेलमधून त्याचा रिसेप्टर (सिग्नल पकडणारं प्रोटीन) काढून टाकला त्यांच्यात आयजीए जवळपास शून्यावर आलं.

दुसरी गोष्ट बरेच जण सोडून देतात. आतड्यातल्या डेंड्रिटिक सेल (व्हायरसचे तुकडे बाकी पेशींना दाखवणाऱ्या पेशी) व्हिटॅमिन ए पासून रेटिनोइक अॅसिड बनवतात, हा सायटोकाइन नाही पण काम त्यांच्या जोडीने करतो, आणि त्यामुळे बी सेलवर अल्फा4बीटा7 नावाचं प्रोटीन येतं. पाकिटावर पत्ता लिहावा तसंच हे, ती सेल रक्तात फिरून परत आतड्यातच उतरते. मांडीत इंजेक्शन दिलं की लस जांघेतल्या लिम्फ नोडमध्ये (रोगप्रतिकारक पेशींच्या गाठींमध्ये) जाते, तिथे हे वातावरणच नसतं, म्हणून मुख्यतः आयजीजी या प्रकारचं अँटिबॉडी बनतं, ते रक्तात राहतं आणि लकव्यापासून उत्तम वाचवतं, पण आतड्यात व्हायरस वाढायचा तो वाढतोच.

हे नुसतं थिअरीत नाही. इस्रायलने 2005 मध्ये थेंब बंद करून फक्त इंजेक्शन ठेवलं, लसीकरण अगदी चांगलं होतं, तरी 2013 मध्ये दक्षिणेकडच्या राहात शहराच्या सांडपाण्यात वाइल्ड पोलिओ (लसीतला नव्हे, निसर्गातला व्हायरस) सापडला. एकाही मुलाला लकवा झाला नाही पण व्हायरस मात्र मुलांच्या पोटातून पसरत होता, शेवटी ऑगस्टमध्ये परत थेंब पाजायला लागले.

आणि मला सगळ्यात भारी वाटतो तो आपल्याकडचाच मुरादाबादचा अभ्यास, 2014 मध्ये छापून आलेला. तिथल्या मुलांनी आधीच थेंब घेतले होते, 6 महिन्यांच्या बाळांपासून 10 वर्षांच्या मुलांपर्यंत, त्यातल्या काहींना एक इंजेक्शन दिलं, काहींना अजून एक थेंबाचा डोस, काहींना काहीच नाही, आणि मग सगळ्यांना थेंब पाजून शौचातून व्हायरस किती पडतो ते मोजलं. इंजेक्शनवाल्यांमध्ये तो कमी पडला! म्हणजे तेच इंजेक्शन, जे एकट्याने आतड्यात फारसं काही करत नाही, ते थेंब आधी मिळालेल्या मुलात आतड्याची मेमरी जागी करतं, कारण त्या मेमरी सेल पहिल्या वेळीच आतड्यात घडलेल्या असतात. थेंबांनी आलेलं आतड्याचं संरक्षण काळानुसार उतरत जातं, त्यामुळे हे जागं करणं फार कामाचं.

आता कुणी म्हणेल आतड्यातल्या सेल अल्पायुषी असतात. जुनी समजूत आहे ती. ऑस्लोच्या टीमने 2017 मध्ये ट्रान्सप्लांटचे पेशंट आणि कार्बन-14 वापरून दाखवलं की माणसाच्या लहान आतड्यात काही प्लाझ्मा सेल (बी सेलपासून बनलेल्या, अँटिबॉडी सोडणाऱ्या पेशी) दशकानुदशकं टिकतात. तिथे त्यांना जगवायलाही एप्रिल (APRIL, महिना नव्हे, प्रोटीनचं नाव) आणि आयएल-6 सारखे सायटोकाइनच लागतात.

तुमचा दुसरा प्रश्न, थेंबांच्या आधी-नंतर अंगावरचं दूध थांबवायचं का. आईच्या आतड्यात घडलेल्या आयजीए बनवणाऱ्या सेल तिच्या स्तनातही पोचतात, म्हणून दुधात आयजीए भरपूर असतं आणि ते लस अडवेल ही शंका बरोबर आहे. पण रोटाव्हायरसच्या थेंबांवर दिल्लीत नेमकं हेच तपासलं, डोसच्या आसपास दूध थांबवून काही फायदा दिसला नाही. बाळाला भूक लागली की पाजा.