पावसात उसवलेला डबल बेस

प्रश्न : माझे काका सिनेमाच्या रेकॉर्डिंगला डबल बेस (व्हायोलिनसारखं दिसणारं, माणसाएवढं उंच वाद्य) वाजवायचे. ते गेल्यापासून दहा वर्षं वाद्य बैठकीच्या कोपऱ्यात उभं आहे. यंदा जुलैत पुढच्या फळीचा कडेचा जोड वीतभर उघडला. जाड तार छेडली की झरझर असा आवाज येतो. ओळखीचे सुतार पांढरा गम भरून देतो म्हणतात. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला हे वाद्य शिकायचं आहे. काय करावं?
– एक वाचक, चरई, ठाणे

उत्तर : सुतारांना आजच फोन करून थांबवा. माणूस चांगला असेल, पण तो गम खिडकीच्या चौकटीसाठी ठीक. तुमच्या बेसचे जोड सरसाचे, म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या डिंकाचे असणार, आणि सरस ताण आला की सुटतो. तो सुटावा म्हणूनच लावतात. पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं. त्या वेळी जोड सुटला तर फळी वाचते.

मी हे भोगलंय. कोपरीत राहायला आलो त्या वर्षी माझ्या बेसचा जोड असाच उघडला आणि मी पांढरा गम लावून घेतला. मार्चमध्ये हवा कोरडी झाली, लाकूड आकसलं, जोड काही हलेना. एका रात्री खाडकन आवाज झाला. सकाळी पाहिलं तर स्प्रूस लाकडाची पुढची फळी घोडीपासून (तारा टेकतात तिथपासून) खालपर्यंत चिरलेली. ज्या वाद्याला लगेजच्या डब्यातून ताडदेवला नेताना कधी ओरखडा येऊ दिला नव्हता, ते घरात फुटलं. अजून वाईट वाटतं.

व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जा. तो सरस पाण्याच्या भांड्यात ठेवून साधारण 60 अंशांवर पातळ करेल. उकळला तर त्याची पकड जाते. तोवर बोटाच्या पेराने सगळ्या कडेवर टकटक करा. जिथे आवाज फुटका येईल तिथेही जोड सुटलाय, तिथे खडूने खूण करा. तारा थोड्या ढिल्या करा, पण पूर्ण सोडू नका. आतला साउंडपोस्ट, म्हणजे पुढच्या-मागच्या फळीमधला लाकडी दांडका, चिकटवलेला नसतो, नुसत्या दाबाने उभा असतो. तो पडला तर बसवायचं काम वाढेल. आणि वाद्य एसीच्या झोतात ठेवू नका.

मुलीला जरूर शिकू द्या. बहुतेक बेस तीन-चतुर्थांश मापाचे, जवळपास 180 सेंटिमीटर उंच असतात. खालचा खुंट कमी-जास्त करून तारांचं वरचं टोक तिच्या भुवईच्या आसपास आणा. हात पुरेना, तर अर्ध्या मापाचा बेस बघा. खालच्या सुरांत, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला, मोठ्या माणसाच्या हातातही दोन अर्धस्वरांएवढंच (सा ते रे) अंतर मावतं; म्हणून तर याच्या तारा व्हायोलिनसारख्या पंचमाच्या (सा ते प) नाही, मध्यमाच्या (सा ते म) अंतराने लावतात. सुरुवातीला तिला मोकळी ई तार, म्हणजे सगळ्यात जाड तार, बोटाने छेडू दे. सेकंदाला 41 कंपनं, कानाआधी पोटाला कळतात.

काकांचा गज सापडला का, ते कळवा. मूठ वरून धरायचा फ्रेंच आहे की खालून धरायचा जर्मन, त्यावरून शिक्षक शोधू.