खशोगी, एस-४०० आणि सक्तीचे निर्बंध

तुमचा प्रश्न असा की सौदी पत्रकार खशोगींचा खून होऊनही सौदी युवराज मोहम्मद बिन सलमान मोकळे राहिले, मग परक्या नेत्यांवर निर्बंध लावायचे की नाही हे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर कशाला, कायद्यानेच सक्तीचे करून टाका ना. राग अगदी रास्त आहे. पण नुसती सक्ती लिहून भागत नाही.

आधी खशोगींचं बघा. मानवाधिकार तुडवणाऱ्या परदेशी लोकांवर निर्बंध लावू देणारा अमेरिकेचा २०१६ चा ग्लोबल मॅग्निट्स्की कायदा, त्यात निर्बंध ऐच्छिकच आहेत, पण सिनेटच्या संबंधित समितीच्या दोन्ही पक्षांच्या प्रमुखांनी लेखी विचारलं तर १२० दिवसांत अमुक माणूस जबाबदार आहे की नाही याचं उत्तर द्यावं लागतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये तसं पत्र गेलं, नोव्हेंबरमध्ये १७ सौदींवर निर्बंध आले, पण फेब्रुवारीत मुदत संपली आणि ट्रम्प सरकारने ते उत्तर दिलंच नाही, आणि पुढे झालं काय तर काहीच नाही! २०२१ मध्ये बायडन सरकारने गुप्तचर अहवाल उघड केला, त्यात कारवाईला युवराजांची मंजुरी होती असं स्पष्ट म्हटलंय, तरी यादीत त्यांचं नाव नाही.

आता सक्तीचा नमुना. २०१७ चा काट्सा हा अमेरिकी कायदा, रशियाकडून मोठी शस्त्रखरेदी केली की निर्बंध लावायचेच. चीनवर २०१८ मध्येच लागले, तुर्कस्तानने जुलै २०१९ मध्ये एस-४०० ही रशियन हवाई संरक्षण सिस्टीम घेतली तर डिसेंबर २०२० उजाडला, तेही अमेरिकी संसदेने संरक्षण विधेयकात ३० दिवसांची मुदत घातल्यावर, आणि तीच सिस्टीम आपण घेतली, २०२१ पासून डिलिव्हरी सुरू झाली, आपल्यावर आजवर काही नाही. आपल्याला ते सोयीचं पडलं हे खरं, पण कायदा एकच आणि वागणूक तीन तऱ्हेची, कारण खरेदी "मोठी" होती हे ठरवणारं शेवटी सरकारच.

आणि सक्तीचा तोटाही आहे बरं. चीनवरच्या त्या कारवाईत ली शांगफू यांचं नाव होतं, ते तेव्हा लष्कराच्या खरेदी विभागाचे प्रमुख, मार्च २०२३ मध्ये झाले संरक्षणमंत्री, मग चीन म्हणे आधी निर्बंध काढा, आणि जूनमध्ये सिंगापूरला अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री ऑस्टिन यांच्याशी बैठक नाकारली, फक्त हस्तांदोलन. नियमाने भेटायला बंदी नव्हती, पण चीनला आयतं कारण मिळालं. असा माणूस उद्या वर चढला तर सूट देण्याची वाट ठेवावी लागते, ती अजिबात नकोच म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

म्हणून माझं मत, शिक्षेची सक्ती करण्यापेक्षा निष्कर्षाची सक्ती करा. जबाबदार कोण हे ठराविक मुदतीत जाहीरपणे सांगायचं, मग सूट द्यायची तर सहीनिशी कारण लिहून आणि ठराविक काळापुरतीच द्यायची. आणि मुदतीत उत्तरच आलं नाही तर त्या नेत्यावर व्हिसाबंदी आणि त्याच्या अमेरिकेतल्या खात्यांवर टाच आपोआप लागू, उठवायची असेल तर संसदेसमोर येऊन उठवा.