क्रीम्ड बीफ ऑन टोस्ट: आदल्या रात्री करून ठेवू नका

ताई, तुमचे व्याही अमेरिकी आर्मीतले, त्यांच्यासाठी क्रीम्ड चिप्ड बीफ (वाळवलेल्या बीफचे पातळ काप दुधाच्या दाट सॉसमध्ये घालून टोस्टवर) केलंत, सॉस खारट झाला, गुठळ्या झाल्या, आणि आता रविवारी आदल्या रात्रीच करून सकाळी स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेच्या विजेच्या भांड्यात, तापवायचा बेत आहे, हे वाचलं आणि राहवेना. खारटपणा नि गुठळ्या निस्तरता येतात. तो स्लो कुकरचा बेत मात्र आधी रद्द करा.

आमच्या गावातल्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये मी नाश्त्याच्या स्वयंपाकाला हात लावते. ११ नोव्हेंबरच्या, म्हणजे व्हेटरन्स डेच्या, नाश्त्याचा परवाना काढायला गेलो तेव्हा सरकारी कचेरीत मुद्दाम विचारलं, "रात्री करून फ्रिजमध्ये ठेवलं आणि सकाळी गरम पाण्याच्या ट्रेवर चढवलं तर चालेल ना?" खिडकीतून उत्तर आलं, "चालेल, फॉर्म भरा." सकाळी त्याच कचेरीचा तपासनीस आला. कडेचा सॉस वाफाळत होता, पण त्यानं ट्रेच्या मधोमध थर्मामीटर खुपसला तर आकडा ५७ सेल्सिअसच्या खाली. सगळा ट्रे कचऱ्यात. ऐंशी पार केलेले आजोबा ताटल्या घेऊन रांगेत उभे होते. तपासनीस चुकला नव्हता. गार अन्न आधी दोन तासांच्या आत ७४ अंशांपर्यंत तापवायचं आणि मगच ५७ च्या वर धरून ठेवायचं, असा नियमच आहे. वाफेचा ट्रे काय नि स्लो कुकर काय, गरम ठेवण्यासाठी असतात, गार अन्न तापवण्यासाठी नव्हे. हे एक वाक्य त्या खिडकीतल्या माणसाला सांगता येऊ नये? फी मात्र चोख घेतली. मला अजून संताप येतो.

असो. घरी चार माणसांना हा पदार्थ अर्ध्या तासात होतो, सकाळीच करा.

बरणीतलं वाळवलेलं बीफ वापरणार असाल तर गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून घट्ट पिळा, आणि सॉसमध्ये मीठ अजिबात घालू नका. १९१० च्या अमेरिकी आर्मीच्या स्वयंपाक-पुस्तिकेत ६० जवानांना १५ पौंड चिप्ड बीफ आहे, पण दूध आटवलेल्या दुधाचे दोनच डबे. बाकी सगळा बीफचा स्टॉक, आणि मैदा चरबीत तांबूस परतलेला. तसा करायचा तर स्टॉक बिनमिठाचा हवा, नाहीतर पुन्हा खारट होईल.

माझं मत विचाराल तर खिम्याचा करा. पुढच्या काळात मेसमध्ये तोही सर्रास असायचा, त्यामुळे व्याह्यांनाही ओळखीचा असेल. अर्धा किलो खिमा चांगला परता, सुटलेली चरबी काढून टाकू नका. त्यावर पाव कप मैदा भुरभुरवा आणि कच्चा वास जाईपर्यंत हलवत राहा. मग कोमट दूध डावाडावानं, एकूण दोन कप. पहिला डाव पूर्ण जिरल्याशिवाय दुसरा घालायचा नाही. गुठळ्या इथेच होतात. उलथनं तळाशी फिरत राहू द्या, दूध लागलं की तो वास जात नाही. सॉस डावावरून सावकाश ओघळेल इतका सैल असतानाच उतरवा, कारण तो बसल्या बसल्या आळतो. थोडं गरम दूध बाजूला असू द्या.

मिरपूड सढळ हातानं. आलं-लसूण, जिरं, गरम मसाला नको, निदान व्याह्यांसाठी तरी नको. नौदलात टोमॅटो आणि जायफळ घातलेला प्रकारही होता, पण हे आर्मीचे आहेत.

मी काही फूड सेफ्टीची तज्ज्ञ नाही. तुमच्या राज्याचे नियम वेगळे असू शकतील. घरच्या पंगतीला परवाना लागत नाही, पण वयस्कर माणसाच्या पोटाचा प्रश्न आहे. आणि हो, घरात कुणाला बीफ चालत नसेल तर याच मापात टर्कीचा खिमा घ्या, फक्त परतताना दोन चमचे लोणी घाला, कारण त्याला स्वतःची चरबी फारशी सुटत नाही.