यकृताच्या पेशीतली आम्लता वाढली तर प्रथिनं आत घेणं वाढतं की घटतं?

एमएस्सीच्या व्हायव्हात माझे मार्क याच मुद्द्यावर गेले. उत्तर बरोबर असूनही गेले, म्हणून लिहितेय.

जळगावचा मे महिना. हेप-जी-टू, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या यकृताच्या पेशींना तासभर एशियालोफेट्युइन हे प्रथिन द्यायचं, अर्ध्या डिशमध्ये सोबत क्लोरोक्विन, म्हणजे पेशीतल्या कप्प्यांची आम्लता घालवणारं औषध. मग पेशी बर्फावर घेऊन फ्लोरेसीन हा चमकणारा रंग जोडलेलं तेच प्रथिन द्यायचं. 4 अंशाला ते नुसतं चिकटतं, आत जात नाही. नंतर 37 ला 10 मिनिटं ठेवून मोजायचं. लॅबचं बर्फाचं मशीन बंद होतं. स्टँडजवळच्या रसवंतीवाल्या काकांकडून गोणपाटात गुंडाळलेली लादी स्कूटीवर पायाशी ठेवून आणायचे. पोचेपर्यंत सलवार घोट्यापर्यंत ओली. असे 17 दिवस.

क्लोरोक्विनवाल्या पेशींनी नवं प्रथिन कमी घेतलं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "प्रथिन बाहेर चिकटतं, आतल्या आम्लतेचा काय संबंध? पेशी मेल्या असतील." ट्रिपॅन ब्लूनं (हा रंग फक्त मेलेल्या पेशींत शिरतो) मोजलेले जिवंत पेशींचे आकडे वहीत होते. वही पुढे केली, त्यांनी उघडली नाही.

संबंध आहे. पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर प्रथिनाला धरून एंडोसोम या आतल्या कप्प्यात जातो. तिथला प्रोटॉन पंप पीएच 6 च्या आसपास किंवा खाली आणतो, कॅल्शियम सुटतं, पकड सैल होते. प्रथिन लायसोसोम या पचवणाऱ्या कप्प्याकडे, म्हणजे पीएच 4.5 ते 5 मध्ये, तुकडे व्हायला जातं आणि मोकळा रिसेप्टर पृष्ठभागावर परततो. क्लोरोक्विननं आम्लता घालवली की तो आतच अडकतो. रावेरहून दिल्लीला गेलेला ट्रक रिकामा होऊन आलाच नाही तर उद्याची केळी कशात भरायची? पहिली खेप जाते, म्हणून पहिल्या 5 मिनिटांवर निकाल देणाऱ्याला काहीच दिसत नाही.

वरचा प्रश्न तुम्ही बहुधा पेशीद्रवाबद्दल, म्हणजे कप्प्यांबाहेरच्या द्रवाबद्दल विचारताय. तिथला पीएच एरवी 7.2 च्या आसपास असतो. तो बराच उतरवला, म्हणजे आम्लता वाढवली, तर प्रथिनं आत नेणारे क्लॅथ्रिनचे खळगे पृष्ठभागापासून तुटत नाहीत आणि आत घेणं घटतं. पण कुठली आम्लता, ते आधी ठरवा.

प्रोजेक्ट करत असाल तर ट्रिपॅन ब्लूचा तक्ता पहिल्याच पानावर लावा. वही कोणी उघडत नाही.

क्लोरोक्विन पीएचशिवाय इतरही उलथापालथ करतं, हे खरं. आणि फ्लोरेसीनचा रंग आम्लात मंदावतो, म्हणजे क्लोरोक्विनच्या डिशमध्ये, जिथे आम्लता घालवलेली, आकडा उलट जास्त दिसायला हवा होता. माझ्याकडे तरीही कमीच आला होता.